ग्रंथाची पूजा नको, ग्रंथाचे वाचन हवे



आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने म्हणजे वर्षावास. तथागतांच्या काळी पावसाळ्यात भिक्खू फिरती थांबवून एके ठिकाणी राहत आणि भोवतालच्या लोकांना धम्म सांगत. आज आपल्या विहारांतून या दिवसांत सायंकाळी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. एक जण वाचतो आणि सारी वस्ती ऐकते. कामावरून थकून आलेली माणसे, कडेवर मूल घेतलेल्या आया, दप्तर बाजूला ठेवून बसलेली पोरे, सारी एका सतरंजीवर बसतात. हे दृश्य पाहून ज्याचे मन भरून येत नाही असा बौद्ध विरळाच.

तुम्ही नव्याने दीक्षा घेतलेली कुटुंबे आहात. तुम्ही देव्हारा काढलात, नवससायास सोडले, गंडेदोरे तोडले आणि बावीस प्रतिज्ञा आपल्या तोंडाने उच्चारल्या. हे सोपे नव्हते. भावकीने बोल लावले असतील, सोयऱ्यांनी येणे-जाणे तोडले असेल, म्हाताऱ्या आईने डोळ्यांत पाणी आणले असेल. तरी तुम्ही मागे वळला नाहीत. या धैर्याबद्दल तुमचे अभिनंदन करून मी आज एका अवघड गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधणार आहे. कोणी राग मानू नये.

अनेक नवबौद्ध घरांत मी पाहतो की ग्रंथ आहे, पण तो कापडात गुंडाळलेला आहे. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे तो चौरंगावर ठेवलेला असतो. त्याच्यावर फुले असतात, पुढे उदबत्ती असते. कापड सोडून पाहावे तर पाने करकरीत कोरी, छापखान्यातून आली तशीच. एका घरी तर मासिक पाळीतल्या मुलीला, “ग्रंथाला शिवू नकोस,” असे तिच्या आईने सांगितलेले मी माझ्या कानांनी ऐकले. माझ्या अंगावर काटा आला. जो ग्रंथ विटाळ मोडायला लिहिला गेला, त्यालाच विटाळ! देव्हारा घरातून गेला, पण मनातला देव्हारा रिकामा राहिला नाही. त्यात आपण ग्रंथच नेऊन बसवला.

त्या माऊलीला मी दोष देत नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यांना पोथीच्या सावलीलाही उभे राहू दिले नाही, त्यांच्या मनात पोथीची भीती खोल रुजलेली असते. ती भीती आदराचे सोंग घेऊन परत येते. म्हणून आज आपण हे पाहू की धम्माचा शब्द तुमच्या चौरंगापर्यंत कोणकोणत्या वाटांनी आला, कोणी आणला आणि कशासाठी आणला. हे एकदा समजले की कापडाची गाठ आपोआप सुटेल.

कंठातला धम्म

तथागतांनी स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. पंचेचाळीस वर्षे ते पायी फिरले आणि बोलले. जे ऐकले ते शिष्यांनी कंठात साठवले. म्हणूनच बहुतेक सुत्तांची सुरुवात ‘मी असे ऐकले आहे’ या अर्थाच्या शब्दांनी होते. ‘मी असे वाचले आहे’ असे तेथे नाही.

महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. विनय कोणी सांगितला? उपालीने. हा उपाली कोण? कपिलवस्तूच्या शाक्यांचा न्हावी. धम्म सांगितला आनंदाने. राजघराण्यातला आनंद आणि वस्तरा चालवणारा उपाली, या दोघांच्या स्मरणावर संघाने सारा भार टाकला. ज्या समाजात विद्या जन्मावरून वाटली जात होती त्या समाजात संघाच्या नियमांचा सर्वांत मोठा जाणकार एक न्हावी होता, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगा.

पुढे तीन-चारशे वर्षे धम्म पाठांतरावर जगला. पाठ करणाऱ्या भिक्खूंना भाणक म्हणत. कोणी दीघनिकाय पाठ करी, कोणी मज्झिमनिकाय. सुत्तांत तीच तीच वाक्ये पुन्हा पुन्हा येतात, त्याचा पुष्कळांना कंटाळा येतो. पण ती पुनरुक्ती पाठांतराच्या सोयीची आहे. अनेकांनी एकत्र म्हणताना एखाद्याची चूक झाली तर ती तिथल्या तिथे पकडली जाई. कार्ल्याच्या लेण्यात एका खांबावर लेख आहे. तो खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने दान दिला. म्हणजे कंठात धम्म बाळगणारी ही माणसे आपल्या कोकणपट्टीत आणि मावळात वावरत होती.

येथे एका दासीची गोष्ट सांगितली पाहिजे. कौशांबीच्या राजवाड्यात खुज्जुत्तरा नावाची दासी होती. पाठीला कुबड असल्यामुळे तिला ते नाव पडले होते. राणी सामावतीला राजवाड्याबाहेर जाण्याची मोकळीक नव्हती. खुज्जुत्तरा बाहेर जाऊन तथागतांचे प्रवचन ऐके आणि परत येऊन राणीला आणि तिच्या सख्यांना ते जसेच्या तसे सांगे. सांगायच्या वेळी राणी खाली बसे आणि दासी उंच आसनावर. बहुश्रुत उपासिकांमध्ये अग्रस्थानी म्हणून तथागतांनी तिचे नाव घेतले. ‘इतिवुत्तक’ हा ग्रंथ तिच्या स्मरणातून आला अशी परंपरा आहे. आपल्या घरातली आजी निरक्षर असेल. तिने खुज्जुत्तरेची आठवण ठेवावी आणि स्वतःला कमी लेखू नये.

आणखी एक प्रसंग विनयपिटकात आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन भिक्खू तथागतांकडे आले. त्यांची वाणी चांगली होती. ते म्हणाले की नाना कुळांतले, नाना गोत्रांतले लोक आपापल्या बोलीत धम्म सांगून बुद्धवचन बिघडवतात, तेव्हा आम्ही ते छंदस्मध्ये बांधतो. तथागतांनी त्यांना स्पष्ट नकार दिला आणि लोकांच्या बोलीतच धम्म शिकण्याची मोकळीक दिली. या एका नकारात धम्माचे सारे सार आहे. धम्माच्या शब्दाभोवती कुंपण घालायचे नाही, हा तथागतांचाच निर्णय आहे. तुमच्या चौरंगावरचे कापड हे त्याच कुंपणाचे लहान रूप आहे.

दगड आणि ताडपत्र

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने धम्माची आज्ञा दगडावर कोरवली. भाषा लोकांची, लिपी त्या त्या प्रदेशाची. आपल्या सोपाऱ्यालाही त्याचा शिलालेख होता. त्याचा एक तुकडा भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली मिळाला. तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आज पाहायला मिळतो. मुलांना राणीची बाग दाखवायला नेता, तसे एकदा तो दगड दाखवायलाही न्या.

अशोकाच्या लेखांतली एक गोष्ट ध्यानात घ्या. दगडावर कोरून तो थांबला नाही. कलिंगातल्या लेखांत त्याने आज्ञा दिली की ठरावीक दिवशी हे लेख लोकांना वाचून ऐकवावेत. बैराटच्या लेखात त्याने सात धम्मग्रंथांची नावे दिली आहेत आणि ते भिक्खू-भिक्खुणींनी, उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत व त्यांवर विचार करावा, अशी इच्छा व्यक्त केली आहे. उपासिकांचे नाव त्यात आहे, बरे का! दोन हजार दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एक सम्राट बायकांनी धम्म ऐकावा आणि त्यावर विचार करावा म्हणून दगडावर लिहवून घेतो, आणि आज एका आईने मुलीला, “शिवू नकोस,” म्हणावे?

लिहिलेले न वाचले तर काय होते, तेही याच दगडांनी शिकवले आहे. काळाच्या ओघात ब्राह्मी लिपी लोक विसरले. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे स्तंभ दिल्लीत आणून उभे केले, पण त्यांवर काय लिहिले आहे हे कोणालाही सांगता आले नाही. लोक लेण्यांना पांडवांची म्हणू लागले, स्तंभाला भीमाची लाठी म्हणू लागले. अक्षरे डोळ्यांपुढे होती, अर्थ मेला होता. पुढे १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ही लिपी उलगडली, तेव्हा अशोक पुन्हा बोलू लागला. न वाचलेला ग्रंथ हा असाच मुका स्तंभ असतो. त्याला कोणीही काहीही नाव देऊ शकतो.

आता श्रीलंकेकडे वळू. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, वट्टगामणी अभय राजाच्या काळात, तेथे परचक्र आले आणि भीषण दुष्काळ पडला. भिक्खू अन्नावाचून मरू लागले. एक भिक्खू मेला की त्याच्या कंठातले सुत्त त्याच्याबरोबर जाई. अट्ठकथेत सांगितले आहे की एक वेळ अशी आली, ‘महानिद्देस’ हा ग्रंथ फक्त एकाच भिक्खूला पाठ राहिला आणि त्याचे आचरणही चांगले नव्हते. तरीही ग्रंथ नाहीसा होऊ नये म्हणून एका थोर थेराने त्याच्याकडून तो शिकून घेतला. धम्म असा एका श्वासावर आला होता. तेव्हा संघाने विचार केला आणि मातलेजवळच्या आलोक विहारात सारे तिपिटक लिहून काढले.

लिहिणे सोपे नव्हते. ताडाची पाने उकळायची, वाळवायची, दाबून सरळ करायची, कापून एका मापाची करायची. त्यावर लोखंडी टोकाने अक्षर कोरायचे, मग तेलात कालवलेली काजळी चोळायची, म्हणजे अक्षर काळे उठून दिसे. पानांना भोके पाडून दोरा ओवायचा, वर-खाली लाकडी फळ्या लावायच्या आणि बांधायचे. ‘ग्रंथ’ या शब्दाचा मूळ अर्थच बांधणे, गुंफणे असा आहे. ग्रंथाला कापडात गुंडाळण्याची रीतही येथूनच आली. वाळवी, कसर, दमट हवा यांपासून पाने जपण्यासाठी ती गुंडाळत. त्या कापडात पावित्र्य काही नव्हते. गरज होती. आपण गरज विसरलो आणि कापड धरून बसलो.

ताडपत्र कितीही जपले तरी काही शतकांत झिजते. म्हणून पुन्हा पुन्हा नकला कराव्या लागत. चिनी भिक्खू ह्यूएन त्संग सातव्या शतकात भारतात आला, नालंदेत राहिला, आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला आणि ६४५ साली ६५७ ग्रंथ घोड्यांवर लादून मायदेशी परतला. पुढे नालंदा उद्ध्वस्त झाले, आपल्या देशातले विहार ओस पडले. येथले ग्रंथ गेले, पण लंका, ब्रह्मदेश, तिबेट, चीन येथे ज्यांच्या नकला झाल्या होत्या ते वाचले. जे कुलूपबंद राहिले ते नाहीसे झाले आणि जे हातोहात गेले ते टिकले, हाच त्याचा अर्थ.

छापील पान

छपाईची कला युरोपात जन्मली असे पुष्कळांना वाटते. बौद्धांनी याबाबतीत आपला वारसा ओळखला पाहिजे. सन, महिना आणि दिवस छापलेले जगातले सर्वांत जुने पूर्ण पुस्तक बौद्ध ग्रंथ आहे. ते ‘वज्रच्छेदिका’ सूत्राचे चिनी भाषांतर असून ११ मे ८६८ रोजी छापले गेले. लाकडी ठोकळ्यावर उलटी अक्षरे कोरून, शाई लावून, वर कागद दाबून ते काढले आहे. सात पट्ट्या चिकटवलेली पाच मीटरांहून लांब अशी ती गुंडाळी आहे. चीनच्या वाळवंटी सरहद्दीवर, तुनहुआंगच्या लेण्यात, ती शतकानुशतके बंद राहिली होती. तिच्या शेवटी छापणाऱ्याने काय लिहिले आहे? वांग ज्ये नावाच्या माणसाने आपल्या आई-वडिलांसाठी, सर्वांना मोफत वाटण्याकरिता ही करवून घेतली. आई-वडिलांच्या नावाने त्याने पिंड पाडले नाहीत, पुस्तक वाटले.

कोरियात तेराव्या शतकात तिपिटकासाठी ८१ हजारांहून अधिक लाकडी ठोकळे कोरले गेले. ते हैइन्सा विहारात अजून आहेत. त्याच देशात १३७७ साली ‘जिकजी’ हा बौद्ध ग्रंथ धातूचे सुटे खिळे जुळवून छापला गेला. जर्मनीत गुटेनबर्गचे बायबल त्यानंतर सुमारे ७८ वर्षांनी निघाले. ब्रह्मदेशात मिंडोन राजाने १८६० ते १८६८ या काळात सारे तिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरवले. प्रत्येक शिळेवर एक लहान स्तूप बांधला. दगड असो, लाकूड असो, शिसे असो, ज्या काळी जे साधन मिळाले ते बौद्धांनी धम्मासाठी वापरले. नव्या साधनाची भीती धम्माला कधीच वाटली नाही.

मग आपल्याकडे काय झाले? भारतात पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. पुण्यात जोतिराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली १८४८ साली. मध्ये २९२ वर्षे गेली. यंत्र आले म्हणून विद्या मोकळी झाली नाही. छापखान्यातून जुन्याच पोथ्या निघाल्या आणि जुन्याच हातांत गेल्या. शिळाप्रेसवर पोथी छापली तरी ती सोवळ्यातच वाचली जाई. यंत्र कागदावर शाई उठवते. दार उघडण्याचे काम माणसाला करावे लागते, आणि ते जोतिरावांनी आणि सावित्रीबाईंनी अंगावर शेण-दगड झेलून केले.

त्यांच्या शाळेत शिकलेली चौदा वर्षांची मातंग मुलगी मुक्ता साळवे हिने एक निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेद आमचेच, ते आम्हीच पाहावे, असे म्हणणाऱ्यांना तिने विचारले की मग आम्हाला धर्मपुस्तक नाही आणि ज्याला धर्मपुस्तक नाही तो धर्मरहित, तर आमचा धर्म कोणता? शंभर वर्षे हा प्रश्न हवेत तरंगत राहिला. त्याचे उत्तर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर मिळाले आणि पुढल्या वर्षी ग्रंथरूपाने छापून आले. तुमच्या चौरंगावर गुंडाळून ठेवलेला ग्रंथ तो हाच. मुक्ताला जे पुस्तक हवे होते ते तुमच्या घरात आहे आणि तुमची मुक्ता त्याला हात लावायला भिते!

बाबासाहेब आणि पुस्तक

बाबासाहेबांना शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले. ते गोणपाटही घरून न्यावे लागे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा सत्कारसभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले. त्या दिवसापासून दीक्षेपर्यंत ४९ वर्षे होतात. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती दिलेले एक पुस्तक लाखो माणसांच्या आयुष्याला वळण देऊन गेले. केळुसकर गुरुजींच्या पुस्तकाची पूजा झाली असती, तर आपण आज येथे नसतो. ते वाचले गेले म्हणून आपण येथे आहोत.

विलायतेहून परतताना १९१७ साली बाबासाहेबांनी जहाजाने पाठवलेली पुस्तके युद्धात जहाज बुडाल्यामुळे समुद्राच्या तळाशी गेली. त्यांनी पुन्हा गोळा केली. दादरला ‘राजगृह’ बांधले ते पुस्तकांसाठी. मुक्या समाजाला वाणी द्यायला ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले, मग १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९३० साली ‘जनता’. आणि ‘जनता’चेच नाव ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘प्रबुद्ध भारत’ झाले. ही पत्रे वस्तीत एकच प्रत येत असे. दिव्याखाली एक वाचणारा आणि भोवती ऐकणारे पंचवीस-तीस. भाणकांची परंपरा कामगारांच्या चाळींतून अशी पुन्हा सुरू झाली.

शरीर साथ देत नव्हते, डोळे अधू झाले होते, तरी बाबासाहेब ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ लिहीत होते. नानकचंद रत्तू नोकरीवरून सुटल्यावर येऊन टंकलेखन करीत. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, आयुष्याच्या अखेरच्या रात्रीही, प्रस्तावनेची टंकलिखित पाने बाबासाहेबांनी मागून घेतली. छापलेला ग्रंथ पाहायला ते राहिले नाहीत. १९५७ साली तो प्रसिद्ध झाला. एका महामानवाने शेवटच्या श्वासापर्यंत तपासलेली ती पाने आपण न उलगडता फुलांखाली ठेवावीत, याला आदर म्हणता येईल काय?

कोणी म्हणेल, पूजा केली तर बिघडले कोठे? मी त्याला एवढेच विचारतो, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडला कशासाठी गेले होते? चवदार तळ्याला फुले वाहायला ते गेले नव्हते. ते पाणी प्यायला गेले होते. ग्रंथ हेही आपले चवदार तळेच आहे. ओंजळ भरून पाणी प्या.

आजचे साधन

आज काळ आणखी पुढे गेला आहे. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या देखरेखीखाली नालंदेहून पालि तिपिटक देवनागरीत ४१ खंडांत निघाले, तेव्हा ते ठेवायला कपाट लागे. पुढे इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने ते सारे एका सीडीवर आणले. आज तेच तिपिटक मोबाईलवर उघडता येते. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणांचे खंडही पडद्यावर वाचता येतात. ब्रह्मदेशच्या राजाला ७२९ शिळा लागल्या. तुमच्या सुनेच्या हातातल्या फोनमध्ये ते सामावते.

हे साधन वाईट आहे असे म्हणणारा मी नव्हे. परंतु त्याच्याबरोबर एक धोका आला आहे. ताडपत्रावर एक ओळ कोरायला कष्ट पडत, म्हणून माणूस विचार करून लिही. आज बोट दाबले की शंभर घरांत मजकूर जातो. तथागतांच्या नावाने त्यांनी कधी न सांगितलेली वचने फिरतात. बाबासाहेबांच्या चित्राखाली त्यांचे नसलेले वाक्य छापलेले असते. समाजात भांडणे लावणाऱ्या अफवा ‘जय भीम’ लिहून पुढे ढकलल्या जातात. आपली तरुण मुले ते खरे मानतात आणि रागाने पेटून उठतात.

यावर उपाय तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवला आहे. महापरिनिब्बान सुत्तात चार महापदेस आहेत. कोणी म्हणाला की हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या तोंडून ऐकले, तरी ते लगेच स्वीकारू नका आणि लगेच धिक्कारूही नका. ते सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहा. जुळले तर घ्या, जुळले नाही तर सोडा. केसपुत्तच्या कालामांनाही त्यांनी हेच सांगितले, आणि तेथे तर आणखी पुढे गेले. केवळ परंपरेने आले म्हणून, ऐकीव आहे म्हणून, एवढेच काय, पिटकात आहे म्हणूनही मानू नका. ते हिताचे आहे की अहिताचे, हे स्वतः जाणून घ्या. जगातल्या कोणत्या धर्मसंस्थापकाने आपल्याच ग्रंथाबद्दल इतकी मोकळीक दिली आहे? म्हणून फोनवर आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी विचारा: हे कोणत्या ग्रंथात आहे? कोणत्या खंडात? सांगता येत नसेल तर बोट आवरा. खोटे न बोलण्याचे शील तोंडाला आहे तसेच बोटालाही आहे.

घरोघर काय करावे

मोठमोठे संकल्प मी तुम्हाला सांगत नाही. चार गोष्टी करा.

पहिली, आज घरी गेल्यावर ग्रंथाचे कापड सोडा. त्याला पुठ्ठा चढवा, कारण तो आता हाताळला जाणार आहे. पाने मळली तर मळू द्या. मळलेली पाने ही बौद्ध घराची शोभा आहे.

दुसरी, रोज जेवणाआधी दोन पाने मोठ्याने वाचा. दिवसभर राबून वेळ मिळत नाही म्हणता, पण दोन पानांना दहा-पंधरा मिनिटे पुरतात. पाच-सहाशे पानांचा ग्रंथ वर्षाच्या आत पूर्ण होतो. वाचण्याचा मान घरातल्या मुलीला द्या, आणि कोणत्याही दिवशी तो मान काढून घेऊ नका. पाळी हा शरीराचा धर्म आहे, त्यात अपवित्र काही नाही.

तिसरी, आजी-आजोबांना प्रश्न विचारू द्या. ज्याला अक्षर येत नाही त्याला अर्थ कळत नाही असे नव्हे. चूळपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही, पण हातातले स्वच्छ फडके मळताना पाहून त्याला अनित्यता कळली आणि तो अर्हत झाला. उलट पुष्कळ पाठ करून त्याप्रमाणे न वागणाऱ्याला तथागतांनी दुसऱ्याच्या गायी मोजणाऱ्या गुराख्याची उपमा दिली आहे. आणि आजीला बाबासाहेबांवरच्या जात्यावरच्या ओव्या येत असतील, तर नातवंडांनी त्या फोनवर ध्वनिमुद्रित कराव्यात, वहीत लिहून घ्याव्यात. आलोक विहारातल्या भिक्खूंनी जे केले तेच हे काम आहे. कंठातला ठेवा कंठाबरोबर जाऊ देऊ नका.

चौथी, लग्नात, नामकरणात, पुण्यानुमोदनात एक तरी पुस्तक द्या. ताटवाट्या पुष्कळ होतात. वांग ज्येने आई-वडिलांसाठी जे केले ते आपल्यालाही करता येईल. केळुसकर गुरुजींनी दिले तसे एखादे पुस्तक कोणत्या मुलाच्या आयुष्याला केव्हा वळण देईल, हे आज कोणी सांगावे?

ज्या घरातल्या मुलीला ग्रंथाला शिवू नकोस म्हटले होते, तेथे मी पुन्हा गेलो. बऱ्याच वेळ बोलणे झाले. शेवटी मुलीने आईकडे पाहिले आणि आईने स्वतः उठून कापड सोडले. मुलीने पहिले पान वाचायला घेतले. जोडाक्षरांशी ती अडखळत होती आणि आई चूल तशीच सोडून भिंतीला टेकून ऐकत होती. त्या घरात धम्मदीक्षा आधीच झाली होती, पण धम्म आत आला तो त्या संध्याकाळी.

तुमच्या घरातही आज संध्याकाळी तो येवो.

नमो बुद्धाय! जय भीम!